कपाटातील पाखरांची साक्ष



शहादा हे नाव उच्चारले की चळवळीतील कार्यकर्त्यांना आठवते ते १९७२ साल. सावकारांच्या व बड्या बागायतदारांच्या हाती गेलेल्या जमिनी, भिल्ल शेतमजुरांचे मोर्चे, श्रमिक संघटना, अंबरसिंग सुरतवंती. याच शहाद्याची विज्ञानाच्या इतिहासातही एक नोंद आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या विरळ सागवनात तीन अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांना दिवसाढवळ्या झाडावर बसलेले एक लहानखुरे घुबड दिसले. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ही त्यांची नावे. पक्षी होता रानपिंगळा. गावोगावच्या वडा-पिंपळांवर आढळणाऱ्या साध्या पिंगळ्याचा हा भाऊबंद. पण याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, शेपटीवरचे पट्टे ठळक असतात आणि हा दिवसाही शिकार करतो. १८८४ नंतर, म्हणजे ११३ वर्षे, हा पक्षी कोणाही शास्त्रज्ञाने खात्रीने पाहिलेला नव्हता. तो नामशेष झाला असेच बहुतेकांनी धरून चालले होते.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या दृष्टीने या पक्ष्याचा 'शोध' लागला म्हणणे काहीसे हास्यास्पद ठरेल. तो त्यांच्या रानात होताच. परंतु हजारो मैलांवरून आलेल्या तिघांना नेमके शहाद्याला जावे असे का वाटले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर रानात नव्हते. ते होते संग्रहालयांच्या कपाटांत, कापूस भरून ठेवलेल्या सात कातड्यांत आणि त्यांच्या पायांना दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्यांत.

जगातील सर्व संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे सातच नमुने होते. पहिला १८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात मिळवला. त्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने १८७३ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले व तिला ब्लेविटचे नाव दिले. दुसरा १८७७ मध्ये व्हॅलेंटाईन बॉल याला ओडिशातील खरियार भागात मिळाला. उरलेले जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० ते १८८४ या काळात पश्चिम खानदेशात जमवले.

ह्यूम हा तोच, ज्याच्या पुढाकाराने १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. या गृहस्थाचे दुसरे आयुष्य पाखरांत गेले. सिमल्याच्या आपल्या घरी त्याने हिंदुस्थानभरच्या पक्ष्यांचा असा संग्रह उभा केला की आशियातील पक्ष्यांचा तेवढा मोठा संग्रह त्या काळी अन्यत्र नव्हता. त्याने लिहिलेली पक्ष्यांविषयीची हस्तलिखिते घरच्या नोकराने बाजारात रद्दीच्या भावाने विकली. हताश झालेल्या ह्यूमने १८८५ मध्येच हा सुमारे ८२,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो बांधून नेण्यासाठी लंडनहून एक पक्षिशास्त्रज्ञ मुद्दाम सिमल्यास आला होता. ज्या वर्षी राष्ट्रीय सभा जन्मली, त्याच वर्षी या देशाच्या पक्षिजीवनाची सर्वात मोठी नोंद समुद्रापार गेली. हा निव्वळ योगायोग. पण तो लक्षात राहतो.

असा एखादा नमुना म्हणजे काय, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. दिवाणखान्यात काचेच्या डोळ्यांनी टक लावून पाहणारा पेंढा भरलेला पक्षी तो हा नव्हे. पक्ष्याचे कातडे पिसांसह काळजीपूर्वक सोलून काढतात, आतून त्याला कीड लागू नये म्हणून पूर्वी सोमलयुक्त साबण चोळीत, मग कापूस भरून पोट शिवतात आणि पंख मिटून, पाठीवर झोपवून, खणात ओळीने मांडतात. त्याच्या पायाला जी चिठ्ठी बांधतात तिच्यावर ठिकाण, तारीख, नर की मादी, आणि मिळवणाऱ्याचे नाव एवढाच मजकूर असतो. पण ती चिठ्ठी तुटून पडली तर उरलेल्या कातड्याला शोभेपलीकडे किंमत राहत नाही. हिशेबतपासनिसाला पावतीचे जे महत्त्व, तेच येथे चिठ्ठीचे. आणि पावती खोटी असली म्हणजे काय अनर्थ होतो, हेही रानपिंगळ्याच्याच प्रकरणात दिसून आले.

रिचर्ड मायनर्ट्झहागेन हा ब्रिटिश लष्करातील कर्नल, पक्षिशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला. त्याने आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केला. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, तापीकाठ, १९१४. म्हणजे १८८४ नंतरचा एकमेव पुरावा, आणि तो गुजरातेतला. साहजिकच पुढे शोध घेणाऱ्यांचे लक्ष तिकडे वळले. त्या चिठ्ठीवर विसंबून झालेला सारा शोध व्यर्थ गेला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी अखेर या नमुन्याची कसून तपासणी केली. क्ष-किरणांखाली पाहता आणि कातडे भरण्याची पद्धत जुळवून पाहता असे निष्पन्न झाले की हा पक्षी वस्तुतः डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला होता. कर्नलसाहेबांनी तो म्युझियममधूनच चोरला, जुना कापूस काढून नव्याने भरला आणि खोटी चिठ्ठी बांधून आपल्या नावावर परत केला. त्यांचा निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. खोटी चिठ्ठी बाजूला पडल्यावर उरले ते पूर्वेकडील दोन ठिकाणचे आणि पश्चिम खानदेशातील खरे नमुने. तिघांनी आधी पूर्वेकडे पाहिले. तेथे काही हाती लागले नाही. मग ते शहाद्याला आले.

एका साम्राज्याच्या अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलेल्या चार ओळींनी शतकानंतर वाट दाखवली, आणि त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने केलेल्या लबाडीने कित्येक वर्षे लोकांना भलतीकडे हिंडवले. यातील प्रामाणिकपणा हा व्यक्तीच्या स्वभावाचा भाग खराच. पण लबाडी उघडकीस आली ती मूळ वस्तू जपून ठेवलेली होती म्हणून. छापील अहवालातले खोटे वाक्य क्ष-किरणांखाली धरता येत नाही.

या संग्रहांचा आजच्या संशोधनात काय उपयोग, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला तर तो सुलभ होतो. किमतींचा निर्देशांक काढायचा तर आधारवर्ष लागते. १९६० च्या किमती कोणी टिपूनच ठेवल्या नसत्या तर आजची महागाई किती, या प्रश्नाला 'फार' याखेरीज उत्तर देता आले नसते. निसर्गाबाबत बहुतेक चर्चा अशी 'फार'च्या पातळीवर चालते. पूर्वी चिमण्या फार होत्या, पूर्वी नदीत मासे फार होते. जुन्या संग्रहांतील दिनांकित, स्थळांकित नमुना हे निसर्गाच्या हिशेबाचे आधारवर्ष होय.

याचे सर्वात बोलके उदाहरण ससाण्याच्या अंड्यांचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत डी.डी.टी. आणि तत्सम कीटकनाशकांचा शेतीत सुळसुळाट झाला. पन्नाशीच्या दशकात बहिरी ससाणा झपाट्याने कमी होऊ लागला. घरट्यात अंडी फुटलेली आढळू लागली. रेचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ मध्ये निघाले तेव्हा रासायनिक कंपन्यांनी त्यांच्यावर एकच गिल्ला केला. पुराव्याची मागणी झाली. पुरावा कोठून आणायचा? विष शेतात पडण्यापूर्वी अंड्याचे कवच कसे होते, हे कोण सांगणार?

ते सांगितले अंडी जमवण्याचा छंद असलेल्या इंग्रज हौशी मंडळींच्या पेट्यांनी. हा छंद खरे तर निंद्य. १९५४ च्या कायद्याने तेथे त्याला बंदीही घातली गेली. परंतु या छांदिष्टांनी पिढ्यान् पिढ्या अंड्यांना बारीक भोक पाडून, आतले द्रव्य काढून, रिकामी कवचे तारीखवार लावून ठेवली होती. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने ही कवचे तोलली, मापली, आणि १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. दशकानुदशके स्थिर राहिलेले कवचाचे वजन १९४७ च्या सुमारास एकाएकी उतरले होते, ते जवळजवळ पाचव्या हिश्शाने. डी.डी.टी. शेतात आले तो काळ हाच. पुढील वर्षी अमेरिकेतील हिकी आणि अँडरसन यांनी तेथील संग्रहांवरून तसेच दाखवले. नंतरच्या प्रयोगांनी कारणही स्पष्ट झाले: डी.डी.टी. शरीरात विघटित होऊन जे द्रव्य बनते ते कवचात चुना बसण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. अंडी उबवायला बसलेल्या मादीच्या भारानेच ती फुटत. १९७२ मध्ये अमेरिकेने डी.डी.टी.चा शेतीतील वापर बंद केला. ती अंडी जमवणाऱ्यांपैकी कोणाच्या स्वप्नातही कीटकनाशक नव्हते.

दुसरे उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष मोह घालणारे आहे. शिकागो विद्यापीठातील शेन ड्यूबे आणि कार्ल फुल्डनर या दोघांनी अमेरिकेच्या कारखानदारी पट्ट्यातील संग्रहालयांमधून पाच जातींचे हजारांहून अधिक पक्षी बाहेर काढले आणि त्यांच्या पोटाकडच्या पांढुरक्या पिसांवर किती काजळी बसली आहे ते छायाचित्रांच्या साहाय्याने मोजले. पक्षी आपली पिसे दरवर्षी टाकतो व नवी धारण करतो. म्हणून ज्या वर्षीचा पक्षी, जवळजवळ त्याच वर्षीची काजळी. १३५ वर्षांचा हा आलेख त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काजळी सर्वाधिक. १९३० नंतरच्या महामंदीत ती घसरते, कारण कारखान्यांची धुराडी थंडावली. महायुद्धाचे कारखाने पेटताच पुन्हा चढते. पुढे घराघरांत कोळशाऐवजी नैसर्गिक वायू आला, धुरावर निर्बंध आले, तशी ती उतरत जाते. भांडवलशाहीची तेजी-मंदी एका माळपाखराच्या छातीवर लिहिली गेली होती, आणि त्या काळातली काजळी आजवर धरले होते त्यापेक्षा अधिक होती, हेही त्यातून निघाले. हवामानबदलाची गणिते मांडणाऱ्यांना ही माहिती लागते. कारण काजळी उष्णता शोषून घेते.

कॅलिफोर्नियातील जोसेफ ग्रिनेल याने १९१४ ते १९२० या काळात योसेमिटीच्या पर्वतात जे छोटे सस्तन प्राणी टिपले, त्यांची त्याच ठिकाणी शंभर वर्षांच्या आत फेरपाहणी झाली आणि निम्म्या जाती सरासरी सुमारे ५०० मीटर वर चढल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. थंडी वर सरकली, तिच्यामागे प्राणी सरकले. ग्रिनेलने तर आरंभीच सांगून ठेवले होते की या नमुन्यांची खरी किंमत शंभरेक वर्षांनंतर कळेल. नामशेष झालेल्या क्वागा या प्राण्याच्या, संग्रहालयातील सुमारे १४० वर्षे जुन्या कातड्यातून १९८४ मध्ये जनुकद्रव्य काढण्यात आले, तेव्हापासून तर या कपाटांना नवीच किल्ली लागली आहे.

इकडे आपल्या देशात गिधाडांचे उदाहरण ताजे आहे. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे पंधरा वर्षांत शंभरातील एकही धड उरली नाहीत. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडे गेल्याने मढी कुजत पडली, पाणी दूषित झाले, कुत्री माजली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये केलेल्या अंदाजानुसार २००० ते २००५ या पाच वर्षांत यामुळे सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. ज्यांना पाखरांची चिंता ही चैन वाटते त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

या संकटात संग्रहांनी एक लहानसे पण निर्णायक काम केले. ज्याला सारे एकच 'लांब चोचीचे गिधाड' समजत होते ती प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या जातींची गिधाडे आहेत, हे रासमुसेन आणि पॅरी यांनी २००१ मध्ये जुन्या नमुन्यांची मापे घेऊन दाखवले. एक जात दक्षिणेकडे व मध्य भारतात कड्यांवर घरटी करते, दुसरी उत्तरेकडे झाडांवर. बंदिस्त पैदाशीची केंद्रे काढायची तर कोणाची जोडी कोणाशी लावायची, आणि कोणाच्या वाट्याला किती पिंजरे, हे ठरवायला आधी ते दोन आहेत हे कळावे लागते.

आता या संग्रहांची मालकी कोणाची, या नाजूक प्रश्नाकडे वळले पाहिजे. लंडनचा संग्रह राज्यकर्त्यांनी जमवला, जित देशातून जमवला, हे उघड आहे. पण मुंबईतली कथा थोडी निराळी आहे. १८८३ मध्ये आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत दोन हिंदी होते: प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणा आणि निसर्गविज्ञान या दोन्ही गोष्टी त्या पिढीला एकाच जिज्ञासेच्या शाखा वाटत. फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने आपल्या दुकानात संस्थेला जागा दिली. याच संस्थेने १९११ मध्ये देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, आणि तिचा पहिला अहवाल होता खानदेशाचा. खानदेशची रानमांजरे, उंदीर, वटवाघळे कोठे कोणती होती याचे शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचे आधारवर्ष त्यामुळे उपलब्ध आहे. विदर्भ-मराठवाड्यातील कित्येक तालुक्यांचे तसे नाही.

या सर्व नोंदींत एक मोठी पोकळी आहे. चिठ्ठीवर साहेबाचे नाव असते. कोणत्या पाणवठ्यावर कोणते पाखरू उतरते हे ज्याने दाखवले, ज्याने रात्री कंदिलाच्या उजेडात कातडी सोलली, त्याचे नाव नसते. आल्फ्रेड रसेल वॉलेसच्या मलाय बेटांवरील संग्रहाचा मोठा भाग त्याच्या अली नावाच्या तरुण सहकाऱ्याने जमवला होता, हे आता कोठे नीट उजेडात आले. वॉलेसने त्याचे ऋण लिहून तरी ठेवले. इतरांनी तेवढेही केले नाही. हाच वॉलेस पुढे जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा पुरस्कर्ता झाला आणि उतारवयात स्वतःला समाजवादी म्हणवू लागला. सरकारांनी सर्व जीवजातींचे होतील तितके संपूर्ण संग्रह वेळीच करून ठेवावेत, नाहीतर पुढील पिढ्या दोष देतील, असे त्याने १८६३ मध्येच बजावले होते. समाजवाद्याने या विषयात लक्ष घालावे की नाही, अशी शंका असणाऱ्यांसाठी हा दाखला पुरेसा व्हावा.

लंडनचा संग्रह परत मागावा काय? मूर्ती आणि हिरे परत मागण्याइतके हे सरळ नाही. एखाद्या जातीचे मूळ वर्णन ज्या नमुन्यावरून झाले तो आधार-नमुना साऱ्या जगाच्या अभ्यासकांना लागतो, आणि तो उष्ण-दमट हवेत, गळक्या छपराखाली ठेवण्यासाठी परत आणणे हा स्वाभिमान नव्हे. परंतु पुण्याच्या किंवा अमरावतीच्या संशोधकाला सह्याद्रीतील बेडकाचे नाव निश्चित करण्यासाठी परदेशच्या वाऱ्या कराव्या लागाव्यात, आणि प्रवासखर्चाच्या अभावी बहुतेकांनी तो नादच सोडावा, हेही न्याय्य नाही. छायाचित्रे आणि नोंदी संगणकावर खुल्या होत आहेत, त्याने निम्मे काम भागते. उरलेल्या निम्म्यासाठी नमुने उसने पाठवणे, कातड्याचा कणभर तुकडा देणे, अभ्यासवृत्त्या देणे हे ज्यांच्याकडे संग्रह आहेत त्यांचे देणे आहे, उपकार नव्हेत. नव्या बाबतीत आपला २००२ चा जैविक विविधता कायदा स्पष्ट आहे: नवी जात आढळल्यास तिचा नमुना देशातील नियुक्त संस्थेत ठेवलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की त्या संस्थांत तो ठेवायला जागा, जपायला माणूस आणि अभ्यासायला विद्वान असावा.

येथे पैशाचा मुद्दा येतो. संग्रह ही अशी मालमत्ता आहे की जिचा खर्च दरमहा करावा लागतो आणि उत्पन्न केव्हा, कोणाला, कशाच्या रूपाने मिळेल हे सांगता येत नाही. भविष्यातील लाभाला आजच्या व्याजदराने सूट देणाऱ्या हिशेबात शंभर वर्षांनंतरचा लाभ जवळजवळ शून्य ठरतो. म्हणजे बाजाराच्या तर्काने चालायचे तर रॅटक्लिफची अंडी केव्हाच फेकून द्यायला हवी होती. खाजगी भांडवलाकडून येथे अपेक्षा करणे व्यर्थ आहे, आणि केवळ गरीब देशांतच हेळसांड होते असेही नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने, ज्याच्या तिजोरीला कसलीही ददात नाही, आपला सव्वाआठ लाख वनस्पतिनमुन्यांचा संग्रह बंद करून इतरत्र हलवण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला. ब्राझीलमध्ये रिओ येथील राष्ट्रीय संग्रहालय, १८१८ साली स्थापन झालेले, देखभालीच्या पैशासाठी वर्षानुवर्षे तिष्ठत होते. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ते जळाले. सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुतेक नष्ट झाल्या. कीटकांचा संग्रह तर समूळ गेला. त्यापूर्वी दोनच वर्षे, २६ एप्रिल २०१६ रोजी, दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ते एका संस्थेच्या इमारतीत जागा घेऊन चाललेले होते. देशाच्या राजधानीत या विषयाला १९७८ पासून स्वतःची इमारत मिळू शकली नाही, यावरून आपला अग्रक्रम काय तो दिसतो.

आगीची निदान बातमी होते. मुंबईचा पावसाळा, बुरशी आणि कातडे खाणारे बारीक किडे यांची बातमी होत नाही. बाटलीतील मद्यार्क उडून जातो, तो पुन्हा भरणारा शिपाई निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही. दहा वर्षांनी बाटलीत तपकिरी चिंधी उरते. जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे अशी एक खोली असते. प्राध्यापकांच्या दोन पिढ्यांनी जमवलेले मासे, साप, शिंपले तेथे असतात. विच्छेदने थांबल्यापासून ती खोली उघडायचे कारणही उरलेले नाही. नदीवर धरण होण्यापूर्वीचे मासे कदाचित त्याच फडताळात असतील, पण चिठ्ठीवरची शाई पुसली गेली असेल तर ते कळायला मार्ग नाही.

मारण्याचा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. संग्राहकांच्या हव्यासाने जाती संपवल्याही आहेत. ग्रेट ऑक या न उडणाऱ्या समुद्रपक्ष्याची अखेरची ज्ञात जोडी १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर संग्राहकांना विकण्यासाठीच मारली गेली. आज पक्ष्यांच्या बाबतीत पिसाने, रक्ताच्या थेंबाने, छायाचित्राने बरेच काम होते. अपघाताने मेलेली पाखरेही जपून ठेवता येतात. रानपिंगळ्यासारख्या दुर्मिळ जीवाला हात लावण्याचे कारण नाही, कायद्यानेही ते शक्य नाही. कीटक आणि वनस्पतींचे तसे नाही. त्यांचा नमुना घेतल्याशिवाय ओळखच पटत नाही. एका रात्री रस्त्यावरच्या दिव्यांवर मरणाऱ्या पतंगांच्या मानाने अभ्यासकाची टाचणी फारच थोडे मारते.

कार्यकर्त्यांचा या सगळ्याशी संबंध कोठे येतो? तो येतो प्रकल्पाच्या जनसुनावणीत. खाण, धरण, रस्ता येऊ घातला की पर्यावरणाचा अहवाल तयार होतो. कंपनीने नेमलेले सल्लागार एखाद्या ऋतूत चार दिवस हिंडून 'दुर्मिळ जीव आढळले नाहीत' असे लिहून देतात. ज्याला हे खोडायचे आहे त्याच्या हाती काय असते? सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली. माणसांची मोजणी नीट व्हावी म्हणून आंदोलनाला दशकानुदशके झगडावे लागले. तेथल्या नदीकाठच्या झाडाझुडपांची, माशांची, किड्यांची मोजणी तर मागेच राहिली. जे टिपून ठेवले नाही त्याची भरपाई मागता येत नाही.

दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की दुर्मिळ पक्ष्याचे नाव पुढे करून आदिवासींना रानाबाहेर काढण्याचे उद्योग होतात. रानपिंगळ्याचा पुरावा त्यांच्याविरुद्ध जातो. हा पक्षी शहाद्याला सापडला तो निर्मनुष्य अरण्यात नव्हे. पुढील पाहण्यांत तो तोरणमाळला, मेळघाटात, २०१४ मध्ये तानसा येथेही आढळला. त्याला हवीत ढोली असलेली जुनी झाडे आणि मधूनमधून मोकळे रान. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला जंगल राखण्याचा जो अधिकार दिला, त्याच्याशी या गरजेचे वैर नाही. सागाची मोठी झाडे चोरून तोडणाऱ्या ठेकेदाराशी आहे.

जैविक विविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या आहेत. त्यांतील बऱ्याच घाईने, बाहेरच्या माणसांकडून, तक्ता भरावा तशा भरल्या गेल्या. पण जेथे मन लावून काम झाले तेथे भिल्ली, पावरी, कोरकू नावांनी शेकडो वनस्पती व पाखरे नोंदली आहेत. या नावांची शास्त्रीय नावांशी गाठ घालायची तर त्या झाडाची वाळवलेली फांदी पुण्याच्या किंवा मुंबईच्या वनस्पतिसंग्रहातील कागदाशी जुळवून पाहावी लागते. नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने ती मागची खोली उघडून, बाटल्यांची यादी करून, शेजारच्या दहा गावांच्या नोंदवह्या आणि त्या-त्या वनस्पतीचा एकेक वाळवलेला नमुना तेथे ठेवायला सुरुवात केली, तर त्यासाठी लागतील ती दोन लोखंडी कपाटे, डांबराच्या गोळ्या, न पुसणारी शाई आणि पगारी माणूस एक. चिठ्ठीवर या वेळी फांदी दाखवणाऱ्या बाईचेही नाव लिहावे, तिचे गाव आणि तिने सांगितलेले झाडाचे नाव, दोन्ही तिच्याच उच्चाराप्रमाणे.